कोणी हाय का?

शेलूबाजारात मी नेमकं काय काम करते, हे गावात कुणालाच धड ठाऊक नाही. आमच्या खालच्या गाळ्यात कृषी केंद्र आहे. तिथे येणारे लोक मला 'काम्पुटरवाल्या बाई' म्हणतात आणि त्या नावाच्या भरवशावर काहीही घेऊन जिना चढतात. बंद पडलेला टीव्हीचा रिमोट, हाक न ऐकू येणारा मोबाईल, एकदा तर चक्क शिलाई मशीन. "यातलं मला काही येत नाही हो," म्हटलं की ते माझ्याकडे दयेनं बघतात. इतकी वर्षं पुण्यात राहून आली आणि साधा रिमोट जमत नाही! मग मी चहा टाकते. चहा बरा करते, एवढं मात्र गावानं मान्य केलेलं आहे.

खरं काम असं की, मी रुबी नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. भाषा म्हणजे यंत्राला सांगायची भाषा, पण रुबी वाचायला इतकी सोपी आणि लाघवी आहे की कधी कधी मला ती माणसांचीच वाटते. पुण्यातल्या एका कंपनीत माझी उमेदीची वर्षं तिच्यात गेली. वडील थकले तेव्हा लॅपटॉप उचलून घरी आले. पुढे वडील गेले आणि मी राहिले. लग्नाबिग्नाच्या वाटेला गेले नव्हतेच. काम इंटरनेटवरून येतं, इंटरनेटवरून जातं, आणि मधल्या वेळात मी खिडकीशी बसून खालचा जीप स्टँड बघते. माझ्या नोकरीतला निम्मा वेळ असा बघण्यातच गेला आहे. त्याला आमच्या धंद्यात विचार करणं म्हणतात.

हा लेख मागताना संपादकांनी सांगितलं, कामाविषयी लिहा, पण घरातल्या आजीलाही कळलं पाहिजे. तेव्हा बाकीचं सगळं बाजूला ठेवून एकाच प्रश्नाविषयी लिहिते. जन्मभर मी यंत्राला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न तोच आहे: या ओळीत असं कुणी आहे का?

आमच्याकडे ओळीला ॲरे म्हणतात. ओळीत काहीही उभं करा, आकडे, नावं, गाड्या, गिऱ्हाइकं. मग ओळीचं नाव लिहायचं, एक टिंब द्यायचं, 'एनी?' असं लिहायचं आणि पुढे महिरपी कंसात आपली अट. एनीच्या पुढचं प्रश्नचिन्ह मी हौसेनं दिलेलं नाही, ते त्याच्या नावातच आहे. रुबीत ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, त्यांच्या नावाला बहुतेक वेळा असं प्रश्नचिन्ह लावतात. मला ही रीत फार आवडते. नावातच प्रश्न घेऊन फिरणारी माणसंही मी पाहिली आहेत.

हे एनी? मला पुण्यात शिकावं लागलं नाही. माझे वडील जीप चालवायचे, शेलूबाजार ते किन्हीराजा. सकाळच्या धुक्यात मी अंथरुणात अर्धवट जागी असायची आणि खालून त्यांचा आवाज यायचा, "किन्हीराजा, किन्हीराजा! कोणी हाय का किन्हीराजा?" स्टँडवर माणसांची झुंबड असायची. कुणी कारंज्याला जाणारं, कुणी कामरगावला, कुणी नुसतंच उभं. वडील एकेकाच्या तोंडाकडे बघत पुढे सरकायचे. एकानं हात वर केला की त्यांचं ओरडणं बंद. जीप निघणार हे ठरलं. बाकीच्यांना मग विचारायची गरज नाही. ते आपोआप येऊन स्वतःला कोंबून घ्यायचे.

एनी? अगदी असंच करतं. ओळीच्या पहिल्यापासून विचारत जातं आणि पहिला 'हो' मिळाला की तिथेच थांबतं. पुढच्यांकडे बघतसुद्धा नाही. शेवटपर्यंत कुणीच हात वर केला नाही, तर 'नाही' म्हणतं. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम आहे. ते फक्त 'हो' म्हणतं. कोण, ते सांगत नाही. किती, तेही सांगत नाही.

गावी आल्यावर कंपनीच्या कामाशिवाय आजूबाजूचीही कामं अंगावर आली. कामरगावकडच्या एका मंगल कार्यालयाच्या मालकांना भिंतीवर पडदा हवा होता. पंगतीत सगळे जेवले की त्यावर हिरव्या अक्षरांत 'सगळे जेवले' असं यावं, म्हणजे आचाऱ्यानं भट्टी विझवायला हरकत नाही. मी लिहून दिलं. यासाठी एनी?चा भाऊ आहे, 'ऑल?'. पडदा लावला त्या दिवशी हॉल रिकामा, सतरंज्या गुंडाळलेल्या, एक मांजर तेवढी फिरत होती. बटण दाबलं आणि भिंतीवर हिरवीगार अक्षरं उमटली: सगळे जेवले.

मालक कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "बाई, अजून चूल पेटली नाई, अन् समदे जेवले?"

मी त्यांना समजावलं. रिकाम्या ओळीला 'कुणी उपाशी आहे का' विचारलं तर ती 'नाही' म्हणते. 'सगळे जेवले का' विचारलं तर 'हो' म्हणते. तिच्या जागी तिचं बरोबर आहे, कारण उपाशी माणूस दाखवायला तिच्याकडे कुणी नाहीच.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. मग म्हणाले, "मंग जेवले ते कोन?"

मी हसले आणि आधी 'कुणी आलं आहे का' हे विचारायची दुरुस्ती केली. पण तो रिकामा हॉल माझ्या डोक्यातून गेला नाही. अजूनही कधी झोप लागता लागता दिसतो. स्वच्छ फरशी, उघडे दरवाजे आणि भिंतीवर 'सगळे जेवले'. त्या दिवसापासून 'काही अडचण नाही' असं उत्तर आलं की मी जरा थबकते. सगळं ठीक आहे म्हणून अडचण नाही, की विचारायला कुणी उरलंच नाही म्हणून?

दुसरं गिऱ्हाईक किन्हीराजाचे एक शेतकरी. ते आपल्या शेतात पावसाचं माप ठेवत आणि रोज मला आकडा पाठवत. भर उन्हाळ्यातही पाठवत. शून्य, शून्य, शून्य. मी एकदा म्हटलं, "काका, पाऊस नाही हे सगळ्यांनाच दिसतं. शून्य लिहायला एवढ्या उन्हात कशाला जाता?"

"पाह्यलं म्हनून लिहिलं," ते म्हणाले. "नाई पाह्यलं त् कायचं शून्य?"

रुबीचंही हेच म्हणणं आहे. बऱ्याच भाषांत शून्य म्हणजे 'नाही' धरतात. रुबीत शून्य म्हणजे 'आहे'. कुणीतरी जाऊन बघितलं, काही नव्हतं, आणि तसं सांगितलं. जिथे कुणी बघितलंच नाही, त्याला रुबी 'निल' म्हणते आणि फक्त त्याला आणि सरळसरळ खोट्याला 'नाही' मानते. शून्यांनी भरलेल्या ओळीला 'तुझ्यात कुणी आहे का' विचारा, ती 'हो' म्हणेल. निलांनी भरलेली ओळ 'नाही' म्हणेल. हे मी पुण्यात नव्या मुलांना शिकवायची तेव्हा त्यांना ती गंमत वाटायची. मलाही तेव्हा गंमतच वाटायची.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते.

किन्हीराजाच्या पुढे, रस्ता सोडून आत, टेकाडावर एक वस्ती आहे. थोडकी घरं. दिवाळी झाली की तिथली कर्ती माणसं टोळीनं वीटभट्टीवर जातात, थेट दुसऱ्या जिल्ह्यात, आणि उन्हाळा सरता सरता परततात. मागे म्हातारी माणसं राहतात. वडिलांच्या जीपमध्ये ही मंडळी बाजाराला यायची. त्यांतली गिरजाबाई नेहमी पुढे, वडिलांच्या शेजारी. मागे जागा असली तरी ती पुढेच बसायची आणि रस्ताभर वडिलांना गाडी कशी चालवावी ते सांगायची. वडील दुसऱ्या कुणाचं ऐकत नसत, तिचं ऐकत.

तिची मुलगी शोभा एका दिवाळीत माझ्याकडे आली. नवऱ्याबरोबर भट्टीवर निघाली होती. माय मात्र यायला तयार नव्हती.

"ताई, तुमी काम्पुटरचं काम करता. मले रोज सकाळी इतकंच कळू द्या, माय उठली का नाई. तिले फोन केला त् उचलत नाई. म्हन्ते, भट्टीवरच्या मानसाचे पैशे कायले फोनात घालू."

"मग मिस कॉल द्यायला सांग तिला," मी म्हटलं. "उठली की एक रिंग, आणि बंद."

शोभाचा चेहरा उजळला. मग ती थोडी घुटमळली. "एकट्या मायचं नका करू ताई. समद्याईचं करा. टोळीत समदेच जीव मुठीत धरून रायतात."

असा तो प्रोग्राम झाला. माझ्या सगळ्या कामांत सगळ्यात लहान. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या फोनची एक ओळ. सकाळी ज्यानं त्यानं उठलं की एका नंबरला मिस कॉल द्यायचा. नऊ वाजता प्रोग्राम ओळीला विचारणार, 'कुणी गप्प आहे का?' उत्तर 'नाही' आलं की शोभाच्या फोनवर दोनच शब्द जाणार: वस्ती उठली. 'हो' आलं तर माझा फोन वाजणार. रिकाम्या ओळीचा बंदोबस्त मी आधीच करून ठेवला होता, मंगल कार्यालयाची आठवण ठेवून.

मिस कॉल ही मला फार सुंदर गोष्ट वाटते. बोलणं नाही, खर्च नाही, काही नाही. तरी ते शून्य आहे, निल नव्हे.

पहिल्या हिवाळ्यात मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन ते कॉल येताना बघायची. किसनबुवा सगळ्यांत आधी, त्यांच्या बकऱ्या त्यांना झोपू देत नसत. मग बराच वेळ कुणी नाही. मग गिरजाबाई. मग चुली पेटल्यावर एकेक. खिडकीबाहेर धुकं असायचं, जीपचे दिवे त्यात पिवळे दिसायचे, आणि माझ्या पडद्यावर दूरच्या टेकाडावरचं एकेक दार उघडायचं. मी ते कॉल ऐकत नव्हते, नुसते बघत होते, तरी मला कड्यांचे आवाज आल्यासारखे वाटत. असं सुख मला पुण्यात कुठल्याच कामात मिळालं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते कॉल एकामागे एक यायला लागले. किसनबुवा, गिरजाबाई, सगळे, पाठोपाठ, श्वास घ्यायलाही मध्ये जागा नाही. मला वाटलं, थंडी वाढली, सगळे एकाच शेकोटीभोवती बसत असतील. ते चित्र मला इतकं आवडलं की मी त्यात रमले. शोभाला तसं सांगितलंसुद्धा. तीही हसली. "बसत असतीन ताई. एकमेकायशिवाय करमत नाई त्याईले."

एका सकाळी नऊ वाजता माझा फोन वाजला. प्रोग्रामचा होता. कुणीतरी गप्प आहे.

एनी? 'हो' म्हणून थांबलं होतं. कोण, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. मी ते विचारणारी दुसरी ओळ लिहिली आणि उत्तर बघून उठूनच उभी राहिले. सगळे. ओळीतला प्रत्येक जण गप्प होता.

पहिला विचार टॉवरचा आला. आमच्याकडे रेंज जाणं ही काही बातमी नाही. म्हणून मी गिरजाबाईचा नंबर लावला. रिंग गेली. टॉवर चालू होता. कुणी उचललं नाही. किसनबुवांना लावला. रिंग गेली, उचललं नाही. तिसरा, चौथा. सगळे फोन वाजत होते आणि सबंध वस्तीत एकही माणूस फोन उचलत नव्हता. मनात काय काय आलं ते लिहीत नाही. पायात चपला अडकवून मी जिना उतरले.

खाली रहीमची जीप लागलेली होती. रहीम वडिलांच्या हाताखाली गाडी शिकला. आता तो त्यांच्याच जागी उभा राहून त्यांच्याच आवाजात ओरडतो. मी धापा टाकत त्याला सांगितलं. त्यानं बसलेल्या दोन उतारूंना हात जोडून उतरवलं आणि रिकामी जीप काढली. त्या स्टँडवरून कुणालाही न विचारता सुटलेली जीप मी त्याआधी पाहिली नव्हती.

रस्त्यात शोभाचा फोन आला. "ताई, आज मेसेज नाई आला."

"हो. कुणीतरी गप्प आहे. मी तिकडेच निघाले आहे."

"कोन?"

मागे भट्टीवरचा कालवा ऐकू येत होता, तो एकदम थांबला. सगळी टोळी तिच्याभोवती जमली असणार. प्रत्येकाला आपलंच माणूस दिसत असणार.

"अजून माहीत नाही," मी म्हटलं.

"माही माय त् नाई ना, ताई?"

इतकी वर्षं मी हो आणि नाही यांचा धंदा केला आणि त्या वेळी दोन्ही शब्द माझ्याकडे नव्हते. रहीमनं गाडी आणखी दामटली.

टेकाडावर पोचलो तर ऊन पडलं होतं आणि किसनबुवांच्या अंगणात म्हातारी मंडळी शेकत बसली होती. जिवंत. कानाला फडकी बांधलेली, हातात चहाच्या कपबशा. मला बघून किसनबुवा म्हणाले, "बाप्पा! जीपवाल्याची पोरगी. काहून वं, इतक्या सकाळी?"

हसू की रडू कळेना. "तुमचे फोन कुठे आहेत? मिस कॉल का नाही दिले?"

"आमी कुठी देतो? गिरजी देते." ते अगदी सहज बोलले. "तिच्या घरावर जावयानं सोलर बसवून देलं. अठी लाईनचा भरवसा नाई. आमी संध्याकाळी फोन तिच्याकडं चार्जिंगले ठेवतो. सकाळी थेच समद्याईचे मिस कॉल देऊन टाकते अन् फोन घरोघर आनून देते. एकीनं केलं त् झालं. समद्याईले कायले तरास?"

पाण्याला निघालेली बाई शेजारणीचीही घागर घेऊन जाते, दळणाला निघालेला माणूस चार घरची पिठं आणतो, त्यातलंच हे. त्यांच्या लेखी यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.

"आणि आज?"

"आज अजून आली नाई. म्हनलं झोपली असन. एखाद्या दिशी झोपते मानूस."

गिरजाबाईचं घर वस्तीच्या शेवटाला. दार आतून लावलेलं. मी दारापाशी उभी राहून माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. आत रिंग वाजली. रहीमनं त्याच्या फोनवरून किसनबुवांचा लावला. आत दुसरी रिंग वाजली, कसलीशी आरती. तेवढ्यात भट्टीवरून एकेकाचे फोन यायला लागले असणार, कारण आत तिसरा वाजला, चौथा वाजला, सगळे वाजायला लागले. बंद दाराआड सबंध वस्ती वाजत होती आणि वस्ती आमच्या मागे कपबशा हातात घेऊन मुकाट उभी होती. तो आवाज मी जन्मात विसरणार नाही.

रहीमनं दार बिजागरीतून उचकटलं. गिरजाबाई चुलीपाशी पडली होती. पाय अंगाखाली मुडपलेला, अंग गार, डोळे उघडे. फोन पलीकडे फळीवर, हात पोचणार नाही असे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"फोन वाजून राह्यले वं," ती पुटपुटली. "उचलताच नाई आले. समद्याईचे मिस कॉल राह्यले."

तिला जीपमध्ये घालून वाशीमला नेलं. किसनबुवांनी आपली घोंगडी दिली, ती तिच्या अंगावर. शोभाला मीच फोन केला. 'कोण' याचं उत्तर दिलं. ती रडली, मीही रडले, आणि मग गिरजाबाईनं घोंगडीतून हात काढून फोन मागितला आणि लेकीला म्हणाली, "रडू नको. तुह्या कामावर जाय." मला तेव्हा वाटलं, ही जगेल. डॉक्टर मात्र तसं म्हणायला तयार नव्हते. रात्रभर थंड फरशीवर पडून राहिलेलं म्हातारं शरीर, पायाचं हाड मोडलेलं, ताप छातीत उतरलेला. शोभा येईपर्यंत मी बाकड्यावर बसून होते आणि डोळ्यांसमोर तो पडदा होता. पाठोपाठ येणारे ते देखणे कॉल. ती शेकोटी. किती प्रेमानं बघितली होती मी ती शेकोटी, आणि तिथे एक म्हातारी एकटी बसून सगळ्यांची बटणं दाबत होती.

गिरजाबाई जगली. वेळ लागला, पण जगली. काठी घेऊन वस्तीवर परत गेली. शोभानं भट्टीवर चल म्हणून पुष्कळ विनवलं, पण ती बधली नाही.

प्रोग्राममध्ये काय दुरुस्ती करावी, याचा मी खूप विचार केला. खिडकीशी बसून, वर सांगितलेल्या पद्धतीनं. बटण कुणी दाबलं हे यंत्राला कसं कळणार? ज्यानं त्यानं आपलाच फोन लावायचा, असा नियम घालून दिला तर? मी वस्तीवर जाऊन तसं सांगितलंसुद्धा. सगळे हो म्हणाले. आठवडाभर टिकलं, मग एकेक जण गळायला लागला. विचारलं तर किसनबुवा लाजून म्हणाले, "सोताचं कायले रोज रोज सांगाव, मी बरा हावो म्हनून? बरं नाई दिसत."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. स्वतःसाठी ही माणसं काडी हलवणार नाहीत, पण दुसऱ्यासाठी कधी चुकणार नाहीत. तर त्यांची चूकच मी प्रोग्रामात घातली. आता कुणीही आपला मिस कॉल द्यायचा नाही. शेजारच्याच्या दारी जायचं, त्याचं तोंड बघायचं, आणि त्याच्याच फोनवरून त्याचा मिस कॉल द्यायचा. किसनबुवांनी गिरजाबाईला बघायचं, गिरजाबाईनं पलीकडच्या घराला, असं करत शेवटच्यानं किसनबुवांना. फोन संध्याकाळी सोलरखाली चार्ज होतात आणि रात्री ज्याच्या त्याच्या उशाशी परत जातात. ओळीचं गोल रिंगण झालं. रुबीत मात्र एक शब्दही बदलावा लागला नाही. प्रश्न तोच, 'कुणी गप्प आहे का?' नऊ वाजता उत्तर येतं आणि भट्टीवर शोभाचा फोन वाजतो: वस्ती उठली.

हे समजावून सांगितलं त्या दिवशी गिरजाबाई काठीवर हनुवटी ठेवून ऐकत होती. सगळे उठून गेले तेव्हा म्हणाली, "अन् तुले कोन पाह्यते वं, नलू?"

"मला?"

"तू त् एकटीच रायतं तठी. बाप गेला तुहा. सकाळी तू उठली का नाई, हे कोनाले मालूम?"

मी हसण्यावारी नेलं. कृषी केंद्र आहे खाली, म्हटलं, लोक असतात. तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन एकदा वाजला आणि बंद झाला. गिरजाबाई. तिसऱ्या दिवशीही. मग मला कळलं, मी फोन कापायचा असतो. वाजला की कापायचा, म्हणजे तिकडे समजतं. आम्ही याबद्दल कधी बोललो नाही, पण मी प्रोग्राम उघडला आणि ओळीच्या शेवटी माझं नाव घातलं. इतकी वर्षं मी ओळींना प्रश्न विचारले. ओळीत उभी राहायची ही पहिलीच वेळ.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मला ताप होता. झोपेतच फोन वाजल्यासारखं वाटलं, आणि मला वाटलं, मी लहान आहे, वडील खाली स्टँडवर आहेत, धुकं आहे, आणि मला काही उठायची गरज नाही. फोन बंद झाला. मी पुन्हा त्या धुक्यात शिरले. किती वेळ गेला कोण जाणे. मग खिडकीखाली जीपचा हॉर्न वाजला, लांबलचक, आणि माझ्या वडिलांच्या आवाजात रहीम ओरडला, "दीदी! गिरजाबाईनं पाठवलं! कोणी हाय का?"

मी कशीबशी उठले, खिडकी उघडली आणि हात वर केला.

"हाय," म्हटलं. "हाय रे, रहीम."